रिकामा आहेस का

फोन येतो दुपारी, चारच्या पुढे,
म्हणजे आधी ज्याला सांगितलं होतं
तो आजारी पडल्यावर.
"रिकामा आहेस का रे, आज?"
थांब, डायरी बघतो, मी म्हणतो.
डायरीत गॅसवाल्याचा नंबर आहे
आणि मागच्या पानावर येणं:
दिवाळी पहाटेचे बाराशे, वाकडचे दोन हजार,
लेल्यांच्या साखरपुड्याचे, ते जाऊ दे.
पाच सेकंद पानं वाजवतो, लयीत,
मग म्हणतो, बघ, जमवतो.

घरातही हेच म्हणतात,
फक्त शेवटचा 'का' गाळून.

बाणेरच्या गच्चीवर जायला लिफ्ट आहे, माणसांसाठी.
ढोलक, ऑक्टापॅड, स्टँड, वायरींची पिशवी जिन्यानं.
पुढे लेस्ली, कॅम्पातला, गुडघा गेलेला,
खांद्यावर कीबोर्ड,
दर मजल्याला तीच शिवी अर्धा सूर चढवून.
वर हवा दमट, ढोलकाची चाट उतरलेली.
दहाचा पाना माझ्या खिशात असतो, घराच्या किल्लीला बांधून.
तिसऱ्या गाण्याला मॅनेजर येतो, पोरगेलासा, नम्र:
"सर, जरा सॉफ्ट. लोक बोलतायत."
तेवढं आम्हाला ऐकू येतच होतं.

मग शाल्मली एका ओळीवर अडखळली.
शब्द गेले. तिनं नुसता आकार धरला.
लेस्लीनं हात उचलले,
मी पुडीवर तळवा ठेवला, दाबून,
फक्त डाव्या हाताची धुम, लांब लांब,
आणि दोन आवर्तनं
गच्चीवर कुणी बोललं नाही.
बारमधला मिक्सरसुद्धा थांबला होता
(वेटरनं नंतर सांगितलं, बर्फ संपला होता).

बारा वाजता आर्टिस्टचं जेवण, मागच्या जिन्यात,
पाच जणांत चार गुलाबजाम.
पैसे पुढच्या आठवड्यात, नक्की.
पायांमध्ये ढोलक उभा करून स्कूटर
विद्यापीठ चौकातून एकटी उतरते.

रविवारी सहकारनगरच्या हॉलवर
जब्बारला माइक लावू लागायला गेलो. चारशे मिळतात.
तिथं वाजवणारं कुणी लागत नाही,
लॅपटॉप वाजवतो.
निवृत्त मंडळी गाण्यामागे पाचशे भरतात,
कॉफी-बटाटेवडा धरून.
कान्हेरे उठले. ब्लेझर, फाईल, शब्द मोठ्या टायपात.
ट्रॅक सुरू झाला
आणि माझी केबल हातात राहिली.

तो मी होतो.
सदाशिव पेठेत, रंगाच्या दुकानावरचा स्टुडिओ,
एका दुपारी अकरा गाणी, तीनशे रुपये.
दुसऱ्या अंतऱ्याआधी माझी खुर्ची करकरली होती.
"चालेल हो," रेकॉर्डिस्ट म्हणाला, त्याला लग्नाला जायचं होतं.
आली. करकरली.
वीस वर्षं करकरतेय, कुठल्या कुठल्या हॉलात,
कुणाकुणाच्या साठीला.

काय वाजवत होतो तेव्हा!
बोटं कोरडी, साफ, घाईत,
जणू पुढचा फोन येणारच आहे.

कान्हेऱ्यांना धाप लागली.
समेला यायला उशीर झाला, अर्धी मात्रा, फार नाही.
तो थांबला नाही.
सत्तावीस वर्षांचा तो,
माझ्याच हातांनी वाजवत पुढे निघून गेला,
आणि म्हातारा मागे, कागदावर बोट ठेवून,
ओळ शोधत.

मी इथं, भिंतीशी,
मांडीवर थांबलो त्यांच्यासाठी.
ते आले, तेव्हा ठेवली थाप.
कुणाला ऐकू जायचं कारण नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर कान्हेरे जवळ आले,
घाम पुसत, "तुम्ही काही वाजवता वाटतं?"
"छे हो," म्हणालो,
"रिकामा होतो, म्हणून आलो."

जब्बार हसला, खाली बघून.
वायरी मोजल्या. एक कमी भरली.
परत मोजल्या.